पारा उडून जातो कुठे?

गिरगावातल्या एका शाळेत मी सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवलं. धातू-अधातूंचा धडा आला की एक वाक्य फळ्यावर यायचंच : पारा हा सामान्य तापमानाला द्रवरूप असणारा धातू आहे. एका वर्षी ते लिहून मी वळते तोच मागच्या बाकावरचा एक मुलगा पुढे आला. खिशातून त्याने बॉलपेनचं टोपण काढलं आणि माझ्या टेबलावर पालथं केलं. हरभऱ्याएवढा चकचकीत थेंब घरंगळला, हजेरीच्या वहीला आपटून फुटला, त्याचे चार झाले. सगळा वर्ग टेबलाभोवती.

"बाई, आमच्या घरी बाटलीभर आहे," तो म्हणाला.

त्याचे वडील झारेकरी. हा शब्द आता मुंबईत कमी ऐकू येतो, पण काम चालूच आहे. झवेरी बाजाराच्या गल्ल्यांत, एकेका खोलीत पाच-सात कारागीर बसून दागिने घडवतात. कानस फिरते, तार ओढली जाते, पॉलिश होतं, आणि प्रत्येक वेळी सोन्याचा किस उडतो. तो लादीच्या फटीत बसतो, कारागिराच्या केसांत आणि कपड्यांत अडकतो, हात धुतलेल्या पाण्याबरोबर गटारात जातो. पहाटे दुकानं उघडायच्या आधी झारेकरी ब्रश आणि सुपली घेऊन जिने, उंबरे, रस्त्याच्या कडा झाडतात. काही जण कारखान्यांतली केरमाती विकत घेतात. ती परातीत धुवायची. हलकं वाहून जातं, जड तळाशी राहतं. त्या काळ्या चिखलात पारा ओतायचा आणि हाताने मळायचं. पारा सोन्याला धरतो, मातीला धरत नाही. मग ते फडक्यात घालून पिळायचं. जास्तीचा पारा खाली गळतो, फडक्यात पांढरट, लोण्यासारखी मऊ गोळी उरते. ती गोळी तापवली की पारा निघून जातो आणि पिवळं, सच्छिद्र सोनं मागे राहतं.

मुलाने हे सगळं मला बारकाव्यांसकट सांगितलं. मी विचारलं, "आणि तापवल्यावर पारा जातो कुठे?"

"उडून जातो, बाई."

मी म्हटलं, बरोबर, पाऱ्याची वाफ होते. थेंब कागदावर गोळा करून पुन्हा टोपणात भरायला लावले, हात धुवायला पाठवलं आणि धडा पुढे नेला. ती गोळी घरात कुठे तापवतात, त्या खोलीत कोण झोपतं, हे मी विचारलं नाही. मला ते सुचायला हवं होतं. ज्या बाईने वाफेचं आणि द्रवाचं शास्त्र शिकवायचं, तिला तरी सुचायला हवं होतं.

पाऱ्याची गंमत, गंमत म्हणायची तर, अशी की तो थेंबाच्या रूपात फारसा काही करत नाही. चुकून गिळलेला थेंब जवळजवळ सगळाच्या सगळा शरीराबाहेर पडतो. तोच पारा वाफ होऊन श्वासातून गेला तर सुमारे ८० टक्के फुप्फुसांत शोषला जातो, रक्तात उतरतो आणि मेंदूपर्यंत पोचतो. ह्या वाफेला वास नाही, रंग नाही, घशाला खवखव नाही. पारा उकळतो ३५७ अंश सेल्सिअसला, पण वाफ व्हायला त्याला उकळावं लागत नाही. उघड्या बाटलीतून, लादीच्या फटीतल्या थेंबांतून ती रोज थोडी थोडी निघत राहते. हात थरथरतात. झोप उडते. माणूस चिडचिडा होतो, विसरतो, बुजतो. हिरड्या सुजतात, मूत्रपिंडं खराब होतात. आता सांगा, ह्यातली कुठली तक्रार घेऊन काळबादेवीतला एखादा कारागीर डॉक्टरकडे गेला तर डॉक्टरांना आधी पाऱ्याची शंका येईल? हात थरथरतात म्हणजे दारू, झोप नाही म्हणजे टेन्शन, विसरतो म्हणजे वय. पाऱ्याच्या वाफेने झालेली विषबाधा लघवीच्या तपासणीत पकडता येते. पण ती तपासणी लिहून द्यायला आधी "तुम्ही काम काय करता?" हा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा.

झारेकऱ्याच्या त्या परातीत जे घडतं तेच जगातल्या सत्तरहून जास्त देशांत, नद्यांच्या काठी आणि डोंगरांच्या पोटात, अवाढव्य प्रमाणावर चालू आहे. पेरू, बोलिव्हिया, ब्राझील, घाना, टांझानिया, इंडोनेशिया, फिलिपिन्स. दीड-दोन कोटी माणसं छोट्या, बहुतेक वेळा बेकायदा खाणींत सोनं काढतात. त्यांत बायका आणि मुलं मिळून चाळीस-पन्नास लाख असावीत असा अंदाज आहे. जगात नव्याने निघणाऱ्या सोन्यापैकी सुमारे पाचवा हिस्सा ह्या लोकांच्या हातून येतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१५ सालचा हिशेब मांडला, तेव्हा माणसाच्या उद्योगांमुळे हवेत गेलेल्या पाऱ्यापैकी सुमारे ३८ टक्के पारा एकट्या ह्या कामातून गेलेला निघाला. कोळशाच्या वीज केंद्रांहून जास्त.

दगडाचं आधी पीठ करून त्यातले जड कण वेगळे केले आणि तेवढ्यालाच पारा लावला, तर एक ग्रॅम सोन्यामागे एक-दोन ग्रॅम पारा पुरतो. पण घाई असते, यंत्र नसतं, कर्ज देणारा डोक्यावर बसलेला असतो. मग सगळ्या खनिजातच पारा ओतला जातो आणि त्यातला बहुतेक चिखलाबरोबर नदीत जातो. तिथे दुसरीच गोष्ट सुरू होते. गाळातले जिवाणू पाऱ्याचं मिथिल पारा ह्या विषात रूपांतर करतात. तो शेवाळात, शेवाळातून बारक्या माशात, बारक्यातून मोठ्या माशात चढत जातो आणि प्रत्येक पायरीवर साठत, वाढत जातो. गर्भवतीच्या पोटातून तो बाळाच्या मेंदूपर्यंत पोचतो. १९५६ मध्ये जपानच्या मिनामाता गावात हा आजार अधिकृतपणे नोंदला गेला, पण ज्या कारखान्याच्या सांडपाण्यामुळे तो झाला ते सांडपाणी थांबायला १९६८ साल उजाडलं. सोन्याच्या खाणींपायी पेरूने २०१६ मध्ये माद्रे दे दिओस ह्या भागात आणीबाणी जाहीर केली, कारण लोकांच्या अंगात पारा सापडला. ब्राझीलमध्ये यानोमामी आदिवासींच्या प्रदेशात २०२३ च्या जानेवारीत आरोग्य आणीबाणी जाहीर झाली. तिथेही मूळ बेकायदा सोनं काढणारेच.

हे सांगितलं की ओळखीतले लोक म्हणतात, "वाईट आहे हो, पण ते ॲमेझॉनमध्ये. आपला काय संबंध?"

संबंध तोळ्यातोळ्याचा आहे. आपल्या देशात खाणीतून निघणारं सोनं वर्षाला दीड-दोन टनांच्या आसपास. कोलारची खाण २००१ मध्येच बंद झाली. कर्नाटकातली हट्टी हीच काय ती मोठी उरली. आणि आपण विकत घेतो सातशे-आठशे टन. जुनी मोड सोडली तर बाकी सगळं बाहेरून येतं. त्यातला बराचसा भाग शुद्ध विटांच्या रूपात येतो, पण गेल्या दहा-बारा वर्षांत कच्च्या लगडी, ज्यांना व्यापारात डोरे म्हणतात, त्यांचं प्रमाण खूप वाढलं. डोरेवर आयात शुल्क शुद्ध सोन्यापेक्षा थोडं कमी असतं, म्हणून ते आणून इथे शुद्ध करणं परवडतं. हे डोरे येतं पेरूहून, बोलिव्हियाहून, घानाहून, टांझानियाहून. त्यातलं सगळंच पाऱ्यातून निघालेलं असतं असं मी म्हणत नाही. ह्या देशांत मोठ्या कंपन्यांच्या खाणीही आहेत. मी इतकंच म्हणते की वेगळं ओळखायची सोय आपण ठेवलेली नाही. सीमाशुल्काच्या कागदावर देशाचं नाव असतं, दुकानातल्या काचेपर्यंत ते पोचत नाही. सोनं एकदा मुशीत वितळलं की त्याला गाव राहत नाही.

आणि आपण चौकशी करत नाही अशातला भाग नाही! सोन्याच्या बाबतीत मराठी माणसाइतकी चौकस जमात नसेल. अक्षय्य तृतीयेला मंगळसूत्राच्या दोन वाट्या घ्यायच्या तरी आपण घडणावळ विचारतो, घट किती धरणार विचारतो, मोडीला काय भाव ते विचारतो. २०२१ च्या जूनपासून हॉलमार्क सक्तीचा होऊ लागला, २०२३ च्या एप्रिलपासून हॉलमार्कच्या प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षरी क्रमांक सक्तीचा झाला. मोबाइलवर तो क्रमांक टाकला की दागिना कोणी तपासला, कस किती, सगळं कळतं. म्हणजे एकेका नथीचा माग ठेवण्याची यंत्रणा ह्या देशात उभी राहिली, चालते आहे, आणि सराफांनी सुरुवातीला कितीही कुरकुर केली तरी ती त्यांच्या अंगवळणी पडली. फक्त तो माग तपासणी केंद्रापाशी सुरू होतो. तो लगड देशात उतरली तिथपर्यंत मागे नेणं ही तांत्रिक अडचण राहिलेली नाही. इच्छेचा प्रश्न आहे.

म्हणून माझं म्हणणं असं : सोन्याचा कस जसा आपण पाहतो तसा त्याचा मागही पाहिला पाहिजे, आणि ही सुरुवात मुंबईने, झवेरी बाजाराने करायला हवी. देशातला सोन्याचा सगळ्यांत मोठा बाजार ही त्याची ओळख आहे. ह्याच बाजारातल्या इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशनने जाहीर केलेला भाव रिझर्व्ह बँकेने सुवर्णरोख्यांसाठी प्रमाण धरला. ज्या संघटनेचा शब्द भावाच्या बाबतीत देशभर चालतो, तिने उद्या ठरवलं की उगमाचा दाखला नसलेलं, पारा न वापरल्याची किंवा पारा बंदिस्त ठेवल्याची खात्री नसलेलं डोरे आपल्या सभासदांनी घ्यायचं नाही, तर पेरूतल्या दलालाला ते ऐकावं लागेल. गिऱ्हाईक म्हणून आपणही गप्प बसू नये. मी गेल्या दिवाळी पाडव्याला आमच्या नेहमीच्या पेढीवर विचारलं, "हे सोनं कुठल्या देशातलं?" काउंटरवरचा मुलगा गोंधळला आणि म्हणाला, "मावशी, बँकेकडून येतं." शंभर जणींनी विचारलं तर तो मालकाला विचारेल.

भारताने पाऱ्याविषयीचा मिनामाता करार २०१८ मध्ये मान्य केला आहे. त्यात छोट्या खाणींविषयी स्पष्ट लिहिलंय की गोळी उघड्यावर तापवणं बंद व्हायला हवं आणि वस्तीत तर ती तापवूच नये. पण ती कलमं खाणकामाची आहेत. भुलेश्वरच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर गॅसच्या शेगडीवर गोळी तापवणारा झारेकरी खाणकामगार ठरत नाही. तो कारखान्यातला कामगारही नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात पाऱ्याची विषबाधा हा सरकारला कळवलाच पाहिजे असा आजार होता, पण कायदा लागू व्हायला वीज वापरणाऱ्या जागेत दहा कामगार लागत. नव्या कामगार संहितेने ती मर्यादा वीसवर नेली. एका खोलीत पाच-सात जण बसतात. तिथे कोण येणार तपासायला?

महापालिका येते ती वेगळ्या कारणाने. काळबादेवी-भुलेश्वरच्या रहिवाशांनी सोनं गाळण्याच्या भट्ट्यांच्या धुराविरुद्ध वर्षानुवर्षं तक्रारी केल्या, आणि मध्ये मध्ये सी विभागाच्या पथकांनी धुराडी तोडली. रहिवाशांचं दुखणं खरं आहे. तेजाबाचा तो पिवळट धूर मीही खाल्लाय. पण धुराडं तोडल्याने भट्टी विझते असं नाही. ती दुसऱ्या गल्लीत जाते, आणखी कोंदट खोलीत जाते, आणि आता वर जाणारी वाफ खोलीतच फिरते. तिथे काम करणारा पोरगा पश्चिम बंगालमधून आलेला, त्याच खोलीत जेवणारा, त्याच लादीवर झोपणारा. बंदी घातली की पारा संपत नाही, हा जगभरचा अनुभव आहे. तो चोरवाटेने येतो, महाग होतो आणि तो वापरणारा माणूस डॉक्टरकडे जायलाही घाबरतो. म्हणून बंदीची मागणी करणाऱ्यांशी माझं पटत नाही, आणि "गरिबाच्या पोटावर पाय नको" म्हणून सगळं चालू द्या म्हणणाऱ्यांशीही पटत नाही. त्या गरिबाच्या पोटात आणि डोक्यात काय चाललंय तेही बघायला हवं ना.

शिवाय उडालेला पारा भुलेश्वरातच राहतो असंही नाही. वाफ झालेला पारा हवेत काही महिने, कधी वर्षभरही तरंगतो, हजारो किलोमीटर जातो आणि पावसाबरोबर कुठेही उतरतो. माद्रे दे दिओसची वाफ अरबी समुद्रातही पडते. आपल्या जवळची खाडी तर आधीच पोळलेली आहे : पारा वापरून कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या कारखान्यांमुळे उल्हास नदीच्या मुखाशी गाळात पारा साचला, त्याचा अभ्यास समुद्रशास्त्रज्ञांनी अनेक वर्षं केला. आमच्या घरी बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशीचं कालवण देत. मुशी शिकारी मासा, साखळीच्या वरच्या टोकाचा. त्यात मिथिल पारा साठण्याची शक्यता बोंबील-मांदेलीपेक्षा कितीतरी जास्त. मासे सोडा असं मी कोणाला सांगणार नाही, मी स्वतः सोडलेले नाहीत. पण गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईच्या ताटात बारके मासे असावेत, मुशी आणि मोठा कुपा नको, एवढं प्रसूतिगृहातल्या भिंतीवर लिहायला काय हरकत आहे?

उपाय महागडे नाहीत, ह्याचाच मला जास्त राग येतो. पाऱ्याची गोळी झाकणबंद लोखंडी भांड्यात तापवायची, भांड्यातून एक नळी काढून ती खाली वळवायची, नळीवर ओलं फडकं ठेवायचं आणि तोंडाशी पाण्याचं भांडं. वाफ नळीत थंड होते आणि पारा थेंबाथेंबाने परत मिळतो. त्याला रिटॉर्ट म्हणतात. नववीच्या मुलाला ऊर्ध्वपातन म्हणून आपण हेच शिकवतो. दुसरा उपाय तर सोनाराच्या डब्यातच पडलेला आहे. फिलिपिन्समधल्या बेंगेट प्रांतातले खाणकामगार पाऱ्याऐवजी जड कणांत टाकणखार घालून थेट भट्टीत सोनं गाळतात. टाकणखाराने ते लवकर वितळतं आणि कचरा वेगळा होतो. डाग लावायला टाकणखार न वापरणारा सोनार मला दाखवा! प्रत्येक मातीला ही रीत चालेल असं नाही, आधी धुणं नीट जमायला लागतं, पण सोनाराच्या केरात सोन्याचं प्रमाण खाणीतल्या दगडापेक्षा पुष्कळ जास्त असतं, तेव्हा करून बघण्यासारखं नक्कीच आहे.

मग हे झवेरी बाजारात होत कसं नाही? कारण रिटॉर्टचा खर्च कोणी करायचा हे ठरलेलं नाही. झारेकऱ्याकडे तेवढी बचत नसते. ज्या सोन्याची धूळ तो उचलतो ते सोनं पेढीवाल्याचं, नफाही त्याचाच. बाजाराच्या संघटनांनी दोन-तीन सामायिक गाळण-जागा कराव्यात, चांगली धुराडी आणि रिटॉर्ट असलेल्या, वस्तीपासून अंतरावर पण चालत जाता येईल अशा. महापालिकेने दवाखान्यात कारागीर आणि झारेकऱ्यांसाठी वर्षातून एकदा लघवीची तपासणी ठेवावी, आणि नाव-गाव पोलिसांकडे जाणार नाही असं लिहून द्यावं. हे झाल्याशिवाय धुराडी तोडू नयेत.

तो टोपणवाला मुलगा मला मागच्या पावसाळ्यात भेटला. आता तिशी ओलांडलेला, वडिलांचंच काम करतो. वडील गेले. शेवटची काही वर्षं त्यांना कपातला चहा सांडल्याशिवाय पिता यायचा नाही, सही करता यायची नाही. घरातले म्हणायचे, म्हातारपण. वय अठ्ठावन्न. पारा की आणखी काही, ते आता कोणी सांगू शकणार नाही, कारण कोणी तपासलंच नाही. मी त्याच्या वाण्याच्या बिलाच्या पाठीवर रिटॉर्टचं चित्र काढून दिलं, भांडं, झाकण, वाकवलेली नळी. नळीचं तोंड पाण्यात बुडवायचं नाही, पाण्याच्या जरा वर ठेवायचं, नाहीतर भांडं थंड होताना पाणी आत ओढलं जाऊन स्फोट होतो. भांडं पूर्ण गार झाल्याशिवाय उघडायचं नाही, हे दोनदा बजावलं.

तो बराच वेळ चित्र बघत राहिला.

"ह्यात पारा परत मिळतो, बाई?"

"बराचसा मिळतो."

"मग हे पोरीच्या शाळेत का शिकवत नाहीत?" तो म्हणाला, आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली. त्याची मुलगी नववीत आहे, रात्री त्याच खोलीत अभ्यासाला बसते. पुढच्या आठवड्यात मी लोहार गल्लीत त्याच्याबरोबर जाणार आहे, भांडं करून घ्यायला.